लाल शाईचे सात आकडे

आधी चहा पिऊन घ्या. मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर घशाखाली उतरायचा नाही. लग्न होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात मी एका भल्या माणसाच्या नोकरीचं वाटोळं केलं. कोणाच्या म्हणून काय विचारता? ज्याचं नाव मी घेत नाही, त्याच्याच.

हे चांद्याला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन बांधणारे. दवाखान्याच्या मागेच आमची एक खोली. कामाला सात माणसं. बैलाच्या लाथा सातांनाही सारख्याच बसत, आणि पगार नोकरीला लागले त्या दिवशी जेवढा, जवळजवळ तेवढाच. कंपाउंडरच्या शिक्षणाला नागपूरला पाठवतील म्हणून हे आठ वर्षं वाट बघत होते. दर वर्षी कोणीतरी बाहेरचाच जायचा.

पूर्वी माणसं आठ होती. आठवा लटारी. रोगानं मेलेली म्हैस त्याला उघड्या हातांनी ओढायला लावली. हातावर काळी पुळी उठली आणि आठवड्याभरात तो गेला. हातमोजे मागितले तर डॉक्टर म्हणाले, वर लिहा. वर कोणी लिहायचं? जो लिहील त्याची बदली.

म्हणून एका रविवारी सातहीजण आमच्या ओसरीवर जमले. त्यांत दादाजीभाऊ सगळ्यांत जुने, तेही ड्रेसरच. नागपूरच्या साहेबांना अर्ज करायची सगळी कल्पना त्यांची. त्यांनी आत डोकावून म्हटलं, "बाई, एक ताट द्या." मला वाटलं, चिवडा आणला असेल. पण त्यांनी ताट कोऱ्या कागदावर पालथं घालून भोवती पेन्सिल फिरवली, आणि त्या गोल रेघेवर सातांनी सह्या केल्या. मग कागद माझ्याकडे आला. मी सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. सह्यांच्या मधल्या जागेत मी मजकूर लिहायचा होता: पगार वाढवा, हातमोजे द्या, जुन्या माणसांना शिक्षणाला पाठवा, आणि निदान वर्षातून एकदा आमचं म्हणणं ऐका.

सह्या गोल का, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं नसतं ना!

मजकूर लिहून झाला. पण तो कागद काही मनाला येईना. सह्या कुठून सुरू होतात, कुठे संपतात, पत्ताच लागत नव्हता. एवढ्या मोठ्या साहेबानं काय कागद गरगर फिरवत बसायचं? बाटल्यांवर 'विष' लिहायची लाल शाई यांनी घरात ठेवली होती. ती घेऊन मी प्रत्येक सहीपुढे ठसठशीत आकडा घातला. एक कुठे घातला असेल? तोंडानं नाव घेता येत नाही, निदान पहिला नंबर तरी द्यावा, असं वाटलं. तिथून प्रदक्षिणेसारखी उजवीकडे निघाले. यांच्या डाव्या हाताला दादाजीभाऊंची सही होती. ते आले सातवे, अगदी शेवटी. मग खळ लावून पाकीट बंद केलं. कागद परत कोणी पाहिलाच नाही.

महिन्याभरानं नागपूरचे साहेब आले. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. व्हरांड्यातून आवाज आला, "नंबर एक कोण आहे?"

सातहीजण एकमेकांकडे बघू लागले. नंबर म्हणजे काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी सूप खाली ठेवून खिडकीला कान लावला.

साहेबांनी एकेकाला आकड्यानं आत बोलावलं. दुसऱ्यानं सांगितलं, पहिल्यानं म्हटलं म्हणून सही केली. तिसऱ्यानं तेच सांगितलं. मुलंबाळं सगळ्यांनाच होती, त्यांना कसा दोष देऊ? दादाजीभाऊ शेवटचे. साहेबांना वाटलं, हा बिचारा सगळ्यांत उशिरा, नाइलाजानं ओढला गेला. दादाजीभाऊ खाली मान घालून उभे राहिले, आणि ती मान साहेबांना आवडली.

हुकूम आला. कंपाउंडरच्या शिक्षणाला दादाजीभाऊ. हातमोजे मंजूर, सातांत मिळून एक जोड. यांची बदली सिरोंच्याला. उखाण्यातसुद्धा मी यांचं नाव लाजत घेतलेलं; सरकारनं ते पहिल्याच ओळीत घेतलं.

त्या संध्याकाळी मी सांगून टाकलं, ते आकडे माझे. यांनी दिव्याची वात वर केली. मग विचारलं, "काऊन टाकले?"

"साहेबाला सोपं जावं म्हणून."

"लय सोपं गेलं त्याले." आणि मग गोल सह्यांचा अर्थ सांगितला. "पह्यला कोण, ते कोणाले समजू नये म्हणून तं ताट मांगलं होतं."

निघताना दादाजीभाऊ गाडीपर्यंत आले. यांच्याकडे बघवेना, म्हणून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माह्या जागेवर हा जायले पाह्यजे होता." हातमोजे त्यांच्या खिशात होते. त्यांनी ते काढून पुढे केले. हे म्हणाले, "राहू द्या भाऊ. सरकारी आहेत."

सिरोंच्यात सगळे तेलुगू बोलतात. दवाखान्याला पाटी आहे, औषध नाही. पहिल्या दिवशी हे लटारीच्या म्हशीसारखंच रोगानं मेलेलं वासरू उघड्या हातांनी ओढून आले. दोनदा साबणानं हात धुतले, तिसऱ्यांदा मी धुवायला लावले. आठ दिवस मी रोज ते हात दिव्याजवळ नेऊन बघत होते. पुळी उठली नाही. तेवढंच.

नवव्या दिवशी जेवायला बसले. मी ताट वाढलं, तेच ताट. यांनी ते हळूच एक वेढा फिरवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सुरू कुठून करू? का तू आकडे टाकून देतं?"

मी यांच्या ताटात आणखी भात वाढला. सगळे म्हणतात, ही फार अबोल. खरंच आहे. आयुष्यात एकदाच विचारल्याशिवाय बोलले, तेही लाल शाईत.