पहिली बॅटिंग अक्कांची

मी तापट आहे. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, गल्लीतही ठाऊक आहे, आणि अक्कांना तर ते माझं माप ओलांडून व्हायच्या आधीच कळलं होतं. अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, धारवाडच्या एका हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका आणि एक पितळी डबा घेऊन हुबळीला, देशपांडे नगरात, आमच्याकडे राहायला आल्या. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा वीज खात्यातले. लाइनमनपासून मंत्र्यापर्यंत कुणालाही सुनावतील, पण अक्कांपुढे सत्तरी उलटल्यावरसुद्धा "हो गं, नाही गं" एवढंच.

या दोघांना व्हिडिओ गेमचा नाद होता. सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. माझा मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि त्याचं ते टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र इथेच पडून राहिलं. अक्कांना डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला होता. रबरी चेंडू दाबून दाबून कंटाळल्या, आणि एके दिवशी त्या यंत्राचं बटणांचं कंट्रोलर उचललं. आठ दिवसांत क्रिकेट खेळायला लागल्या. मग एकटीने काय खेळायचं, म्हणून अप्पांना समोर बसवलं. रोज दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावायची आणि ही दोघं वेताच्या खुर्च्या ओढून टीव्हीपुढे बसायची.

नियम एकच होता. पहिली बॅटिंग अक्कांची. लहानपणी धारवाडच्या बोळात फळीची बॅट अक्कांची होती, त्यामुळे पहिली बॅटिंगही त्यांचीच, आणि आउट झाल्यावर त्या बॅट घेऊन घरी जायच्या. अप्पांना म्हणे दहा वर्षांत चार चेंडू खेळायला मिळाले. टीव्हीवर निदान त्यांची पाळी यायची तरी. पण अप्पांचा हात थरथरतो, त्यांचा चेंडू कुठेही जातो, वाइडवर वाइड. अक्का चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "सरळ रेषा म्हणजे काय, ते तुला अजून कळलेलं नाही." जिंकेल त्याने पितळी डब्यातला एक पेढा खायचा, असं ठरलेलं. अप्पांना मधुमेह आहे. अक्कांनी त्यांना कधी जिंकू दिलं नाही.

मग बातमी आली की नवीन यंत्र निघणार आहे. त्यात म्हणे खेळाडूच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. अक्कांना तो घाम बघायचाच होता. आमच्या भागातलं टीव्ही-मोबाइलचं दुकान त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं. त्याच्या वडिलांची दुर्गदबैलच्या बाजारात कापडाची पेढी, मूळचे निपाणीकडचे, आणि हा मुलगा, आता मुलगा कसला, टक्कल पडलंय, अजून बाईंसमोर हात मागे बांधून उभा राहायचा. अक्कांनी त्याला बजावलं, पहिला नग माझा. तो म्हणाला, होय बाई.

कंपनीने तारीख पुढे ढकलली. मग आणखी पुढे ढकलली. तेवढ्यात अक्का आजारी पडल्या. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असताना अप्पांना विचारायच्या, आलं का रे ते? अप्पा म्हणायचे, येईल, तू आधी बरी हो. यंत्र काही आलं नाही आणि अक्का गेल्या. अप्पांनी जुनं यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं, आणि दिवेलागणीला ते नुसतेच खुर्चीवर बसून राहू लागले. टीव्ही लावू का विचारलं, तर नको म्हणायचे. माझा आवाज चढला तरी उलट बोलायचे नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

वर्षश्राद्ध आलं ते मंगळवारी. आणि कंपनीने शेवटी जी तारीख नक्की केली, ती होती त्याच आठवड्याचा शुक्रवार. तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात हे दोन दिवस एकत्र आले नव्हते. मी पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाकाला लागले होते. खीर, वडे, अळू, कारलं, आमसुलाची चटणी. गुरुजी वेळेवर आले, पिंड झाले, सगळं यथासांग झालं, आणि कावळ्याचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून आम्ही मागे सरलो.

कावळा नाही.

म्हणजे कावळा होता. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर बसला होता, पंधरा हातांवर. मी त्याला ओळखते. एक पंख जरा वाकडा आहे. रोज सकाळी माझे वाळत घातलेले सांडगे पळवतो, काठी घेऊन धावलं तरी हलत नाही, असा निर्लज्ज. आज आयतं पान वाढलंय, तर हा धारवाडच्या दिशेला तोंड करून बसलेला. शेजारच्या कानडी बाई, त्यांना आम्ही अक्कोरू म्हणतो, आपल्या गच्चीवरून विचारायला लागल्या, "याक बंदिल्लरी कागी?" का आला नाही कावळा, ते मला कळलं असतं तर काय हवं होतं!

अर्धा तास गेला. गुरुजींना पुढे धारवाडला दुसरं श्राद्ध होतं. ते म्हणाले, शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिवू या. अप्पा म्हणाले, तिने जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं, तिला नकली कावळा चालेल का? आणि जाहीर केलं की अक्का जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. सकाळची मधुमेहाची गोळी त्यांनी घेतलेली होती. पोटात अन्न नाही, डोक्यावर ऊन, आणि माणूस हट्टाला पेटलेला.

मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. नवऱ्याने हात जोडून सांगितलं की अक्कांच्या खोलीत भाडेकरू ठेवणार नाही. अप्पांनी सांगितलं की तुझी गणिताची पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत. कावळा ढिम्म. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. अक्कांची आणि माझी बत्तीस वर्षं एकाच गोष्टीवरून जुंपायची, मी मिरजेची म्हणून आमटीत गूळ जास्त घालते यावरून. मी दात आवळून म्हटलं, अक्का, गूळ कमी घालीन. कावळ्याने पंखाखाली खाजवलं. मला इतका राग आला की ते वचन मी मनातल्या मनात तिथेच मागे घेतलं.

अप्पांच्या हाताचं थरथरणं एव्हाना वाढलं होतं. ओठ सुकले होते. मी सरळ म्हटलं, अप्पा, दोन घास खा, हवं तर पाप माझ्या माथी. ते नाही म्हणाले. मग एकदम माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलले, "तिने विचारलं होतं, आलं का ते. मी म्हटलं होतं, येईल."

मी फोन उचलला, दुकानदाराला लावला आणि कावळ्याचं सांगून ते यंत्र घेऊन ये म्हटलं.

तो म्हणाला, वहिनी, माल आलाय, पण शुक्रवारपर्यंत खोकं दुकानाबाहेर काढता येत नाही, कंपनीचा माणूस बंगळुरूहून सीलं मोजून गेलाय, एजन्सी जाईल माझी. मी म्हटलं, इथे माझे सासरे जातील त्याचं काय? तो रडकुंडीला आला. पंचांग बघून तिथी पुढे ढकलता येत नाही का, असं काहीबाही विचारायला लागला. मी म्हटलं, तुझ्या बाई गच्चीवर बसल्यात, तूच येऊन त्यांना सांग की शुक्रवारी या. पलीकडून फोन बंद झाला.

पाव तासात तो स्कूटरवरून आला. पायाशी ज्वारीचं पोतं, पोत्यात खोकं, डोक्यावरचं हेल्मेट जिना चढून गच्चीवर येईपर्यंत काढलं नाही, कारण समोरच्या ओळीत त्याच्या धंद्यातला स्पर्धक राहतो. त्याच्या अटी होत्या. खोकं फोडायचं नाही, फोटो काढायचा नाही, कावळा शिवला की माल परत. आम्ही मान्य केलं. पोतं पानाशेजारी ठेवलं. दुकानदार टाकीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, आणलंय बाई.

कावळ्याने मान वाकडी केली. बस्स, तेवढंच.

गुरुजी म्हणाले, पोत्यात आहे, दिसत नसेल. धारवाडचं श्राद्ध ते एव्हाना विसरले होते. पोतं काढलं. खोकं चकचकीत काळं, त्यावर निळी अक्षरं. कावळा एक उडी पुढे आला आणि थांबला. अप्पा म्हणाले, अक्काने आयुष्यात कधी न उघडता वस्तू घेतली नाही, साधा माठसुद्धा वाजवून घ्यायची. दुकानदाराने दोन्ही हात खोक्यावर पसरले. काका, सील आहे हो, सील. अप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. भाऊ-बहिणीचे डोळे एकसारखे होते. त्याने हात बाजूला घेतले, आणि कंपनीचं सील गुरुजींच्या समिधा तोडायच्या चाकूने तुटलं.

यंत्र बाहेर आलं. पानाशेजारी मांडलं. मी नकळत त्याला हळद-कुंकू लावलं, सवयच ती. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. आणि कावळा परत टाकीवर जाऊन बसला.

तेव्हा अप्पांचा तोल सुटला. वर्षभरात मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, तो तेव्हा ऐकला. उन्हात, उपाशी, सोवळं सावरत ते उठले, खोक्यातून ते नवंकोरं कंट्रोलर काढलं, दोन्ही हातांत धरलं आणि टाकीकडे बघून म्हणाले, "नको येऊस. बस तिथेच. पहिली बॅटिंग माझी."

बटणावर त्यांचा अंगठा टेकायचा होता. तेवढ्यात असा फडफडाट झाला की गुरुजी खाली वाकले. कावळा थेट अप्पांच्या कानाजवळून आला, पानावर उतरला, पिंडाला चोच मारली, वडा उचलला, आणि जाता जाता कंट्रोलरकडे एकदा बघून गेला. शेजारच्या अक्कोरूंनी आपल्या गच्चीवरून हात जोडले. माझा नवरा म्हणाला, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण म्हणताना त्याचे डोळे पुसायचे राहिले होते. मी अप्पांचा हात धरून त्यांना खाली आणलं आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत समोरून हलले नाही. दुकानदारही जेवला. दोनदा खीर घेतली, कारण आता जे व्हायचं ते झालंच होतं.

फोडलेलं खोकं तो परत नेणार कसं? अशा रीतीने अख्ख्या हुबळीच्या आधी ते यंत्र आमच्या घरी राहिलं, आणि गुपचूप राहिलं असं मी म्हणणार होते, पण दुसऱ्याच दिवशी भाजीवालीने मला विचारलं की कावळ्याला काय ते इंग्लिश मशीन लागलं म्हणे. शुक्रवारी दुकानाला फुगे लावले होते. पहिलं गिऱ्हाईक म्हणून अप्पांना शाल घालून त्यांच्या हातात आमचंच रिकामं खोकं दिलं आणि फोटो काढला. वजन वाटावं म्हणून त्यात मी दोन किलो ज्वारी भरली होती. कंपनीच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. अप्पांनी फोटोत ते खोकं असं धरलंय, जसं काही त्यात सोनंच आहे.

त्या संध्याकाळी मुलाने बंगळुरूहून फोनवर सांगितलं तशा वायरी जोडल्या. अप्पांनी दोन्ही वेताच्या खुर्च्या ओढल्या. एक कंट्रोलर अक्कांच्या खुर्चीवर ठेवलं, दुसरं स्वतः घेतलं. पहिली बॅटिंग कुणाची, असं टीव्हीने विचारलं. अप्पांनी पहिल्या खेळाडूला, म्हणजे अक्कांच्या खुर्चीला, दिली. मी म्हटलं, अप्पा, तिथे कोणी नाही. ते म्हणाले, असू दे.

टीव्हीवर एक खेळाडू बॅट घेऊन नुसता उभा. कपाळावरचा घाम खरंच दिसत होता. अप्पांनी चेंडू टाकला. वाइड. पुन्हा टाकला. वाइड. मध्येच एखादा चुकून सरळ जायचा आणि दांडी उडायची, मग पुन्हा वाइड. बॅट एकदाही न हलवता अक्कांच्या चौदा धावा झाल्या. मग अप्पांची पाळी. समोरून कोणी बटण दाबलं नाही, तर यंत्र थोडा वेळ वाट बघून आपणच चेंडू टाकतं. अप्पा पुढे सरसावून खेळले, भलतेच फटके मारले, आणि बारावर सगळे आउट झाले.

मी दारात उभी होते. अप्पा खुर्चीकडे बघून म्हणाले, "मेल्यावरसुद्धा जिंकू देत नाही बघ." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने तोंड झाकलं. मी पितळी डबा आणून पुढे ठेवला. त्यांनी एक पेढा घेतला, स्वतः खाल्ला नाही, उठून गच्चीवर गेले आणि कठड्यावर ठेवून आले.

सकाळी मी सांडगे वाळत घालायला गेले तर पेढा नव्हता. वाकड्या पंखाचा तो कठड्यावरच बसला होता आणि माझ्या सुपाकडे बघत होता. मी सवयीने काठी उचलली, तोंडात शिवीही आली होती. बाहेर पडलं ते वेगळंच.

"अहो अक्का," मी म्हटलं, "दोनच घ्या हं."