समाजाचा रकाना

नाशिकच्या एका कॉलेजात जुन्या फोटोंचा संग्रह उभा करायचं काम मी करत होते. घरोघरचे फोटो मागून आणायचे, स्कॅन करायचे आणि पुढे अभ्यासकांना सापडावेत म्हणून प्रत्येकाला टॅग लावायचे. गाव, प्रसंग, पोशाख, व्यवसाय. शेवटचा रकाना 'समाज'. तो भरल्याशिवाय फोटो सेव्हच होत नसे.

फोटो देणाऱ्याला जात विचारायची लाज, अंदाज बांधायची मात्र नाही. माझ्या शेजारी बसणारे प्राध्यापक त्यात पटाईत. फोटोतली माणसं राहिली बाजूला, हे मागची भिंत मोठी करून बघत. तिथे तसबीर कुणाची, त्यावर घराचा समाज ठरायचा. भिंत कोरी निघाली तर कुंकू, नथ, लुगड्याचा काठ आणि सरतेशेवटी कातडीचा रंग. "मला एका नजरेत कळतं," असं चहा पिता पिता सांगायचे. मला शिसारी यायची.

आमच्या घरचाही एक फोटो मी त्यात दिला होता, कुणाचा ते न सांगता. ओझरकडच्या शाळेतले सगळे शिक्षक खुर्च्यांवर आणि कडेला उभी माझी आई. नवीन लागलेली, म्हणून खुर्ची नाही. तो प्रदर्शनात लागणार हे कळल्यापासून आई कुठली साडी नेसायची ते ठरवत होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी टॅग तपासले. खुर्चीतल्या बायका शिक्षिका, आई शिपाई. समाजाचा रकाना मात्र बरोबर भरला होता. समाजावरून व्यवसाय काढला होता.

"ही शिपाई कशावरून, सर?"

"दिसतंच की, मॅडम."

"माझी आई आहे. गणित शिकवायची."

ते जरा गडबडले, मग हसले. "अहो, आधी सांगायचं ना. तुमच्याकडे बघून तसं वाटत नाही हो."

ही त्यांच्या मते माझी स्तुती होती. इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नाही. ते टॅगमधला व्यवसाय बदलायला निघाले होते. मी फोटोच संग्रहातून काढून टाकला आणि घरी आले.

आई साडीला इस्त्री करत होती.

"तो फोटो लागणार नाही गं," मी म्हटलं. "नीट आला नव्हता."

"मला वाटलंच," आई म्हणाली. तिने इस्त्री बंद केली. "माझा रंगच असा. कडेला उभी राहिले, तरी सगळ्यांचा फोटो बिघडवलाच मी."