मालिकेतला नवरा आणि बोरगावचा नवरा

मंडळी, आज संध्याकाळी मी आईच्या हातातून रिमोट ओढून घेतला. राग अजून उतरलेला नाही.

आई ज्या मालिकेसाठी जेवण लांबवते, तिच्यातला नवरा वर्षभर बायकोवर ताटं भिरकावत होता. आज तो तिच्या प्रेमानं विरघळून ढसाढसा रडला. आईशेजारी माझी धाकटी बहीण सुमन बसली होती. नवऱ्याचा मार खाऊन ती आठवड्यापूर्वी बोरगावहून आमच्याकडे आली आहे. उद्या तिला परत धाडायचं आईनं ठरवलं होतं.

"बघ गं सुमे," आई म्हणाली, "दगड हुता, पन मायेनं मऊ झालाच की. तूबी जरा दम धर."

"त्याला मऊ व्हायचा पगार मिळतोय, आई," सुमन म्हणाली.

मी टीव्ही बंद केला. असल्या मालिकांनीच तुझं डोकं नासवलंय, असं आईला तोंडावर बोलले.

आई शांतपणे म्हणाली, "मागच्या खेपेला हिची ओटी भरून कुणी धाडली गं? तूच न्हाय व्हय?"

खरं आहे. तांदूळ, नारळ आणि खण तिच्या पदरात घालताना 'प्रेमानं माणूस बदलतो' हे मीच तिला सांगितलं होतं. आणि मी तर मालिका बघतही नाही.

उद्याच्या ओटीचा नारळ देव्हाऱ्यापुढे ठेवलेला होता. तो मी फोडला आणि वाटून आमटीत घातला. आई माझ्याशी बोलत नाही. सुमननं दोनदा आमटी वाढून घेतली.

तुम्ही कुणाला असं समजावून परत पाठवलंय का? ती आता कशी आहे, हे कधी विचारलंत?