खुल्या लेखातला मामा

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मेल आला तेव्हा मी कासूला, माझ्या गावी घरी होते. माझा पहिला शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला होता आणि ग्रंथपाल मॅडमनी आनंदाने कळवलं होतं, की तो करारात बसतो. पूर्वी आमचं विद्यापीठ नियतकालिकं फक्त वाचण्यासाठी वर्गणी भरायचं. आता प्रकाशकाशी झालेल्या करारात आमचे लेख सर्वांसाठी खुले छापण्याचा खर्चही धरलेला असतो. मला काही भरायचं नव्हतं. एका पानावर 'खुला' हा पर्याय निवडायचा, की लेख कुणालाही फोनवर फुकट वाचता येणार.

आई चुलीपुढून म्हणाली, "म्हणजे आपल्या गावात पन दिसंल?"

"व्हय," मी म्हणाले.

लेख रोह्याच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांच्या कानांविषयी होता. यंत्रांच्या आवाजाने त्यांना हळूहळू ऐकू येईनासं होतं, तरी वर्षाच्या तपासणीत ते पास होतात, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो मला कळला माझ्या मामामुळे. मामा पेणला रामवाडीत राहतो, रोज गाडीने रोह्याला शिफ्टला जातो आणि सुट्टीच्या दिवशी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. अकरावी-बारावीला मी त्याच्याच घरी राहिले. माझ्या वह्यांना कव्हरं तोच घालायचा, एकही सुरकुती न पडू देता. मी पदवीधर झाले त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

त्याने मला सांगितलं होतं, "मला काय ऐकू येत नाय गो. पन कान तपासनाऱ्या बाईचा हात आवाज सोडताना बटनाकडं जातो. हात गेला की मी बोट वर करतो. झालो पास."

मी ते जसंच्या तसं लिहिलं होतं. नाव अर्थातच नव्हतं. 'मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा कंत्राटी कामगार' एवढंच होतं. लिहिताना मला वाटलं, बाहेरच्या वाचकाला माणूस डोळ्यांपुढे दिसेल. बाहेरच्याला तो कोण ते कळणार नव्हतं. पण रोह्याला शिफ्टला जाणारा आखणीवाला पेणमध्ये दुसरा आहे कुठे? माझ्याशी बोललेल्या सगळ्या कामगारांना मी सांगितलं होतं, की हे विद्यापीठातच राहील. ते मला खरंच वाटत होतं. मी रोह्याला कॉलेजात होते तेव्हा कुठलाही लेख उघडायला गेलं, की पैसे मागणारं पान यायचं. लेख म्हणजे कुलूपबंद गोष्ट, अशीच माझी समजूत होती.

आता कंत्राटदाराने वाचलं, तर मामाचा गेट पास, म्हणजे कामच, गेलं असतं. एकदा खुला परवाना दिला की तो मागे घेता येत नाही, असं त्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. 'खुला नको' असाही पर्याय होता. माझं बोट त्याच्यावर गेलं आणि थांबलं. मग ते पैसे मागणारं पान आठवलं. छपाईआधी शेवटच्या दुरुस्त्या करायची मुभा अजून होती. मामाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं ठरवून मी पेणची एसटी पकडली.

मामा गणपतीच्या कारखान्यात होता. मामी शेजारी बसून मूर्तीला पॉलिश पेपर मारत होती. आजूबाजूला पाच-सहा कारागीर होते. मी मामाच्या कानाशी जाऊन हळूच बोलले.

"काय?" तो ओरडला.

मी जरा मोठ्याने बोलले.

"मोठ्यानं बोल की! कंपनीतल्या मानसाला असं ऐकू येतं व्हय?"

शेवटी मला ओरडूनच सांगावं लागलं. जी गोष्ट कुणाला कळेल याची मला भीती वाटत होती, ती मी भर कारखान्यात ओरडून सांगत होते. त्या बाईचा हात, बटण, बोट, मूर्तींचे डोळे, कुणालाही वाचता येणारा लेख, सगळं. पेपर घासण्याचा आवाज थांबला.

मामी म्हणाली, "पोरी, आमच्याच ताटात जेवलीस ना गो तू?"



तेवढ्यात मागून एक रंगारी म्हणाला, "मी पन कंपनीत बटनच बघतो. मला का नाय इचारलंस?"

दोघं-तिघं हसले. मामाला हसणं ऐकू आलं नाही, पण चेहरे दिसले. त्याने ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला आणि म्हणाला, "मूर्तीचं काढून टाक. हाताचं ऱ्हाऊ दे."

"अवो, पन गेट पास गेला तर?" मामीने त्याच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"हा पन तेच करतो," रंगाऱ्याकडे बोट करून तो म्हणाला, "कळू दे समद्यांना, आपन पास कसं होतो ते." आणि अर्धा राहिलेला डोळा पुरा करायला वळला.

मी मूर्तीचं वाक्य काढलं आणि 'खुला' निवडलं. लेख छापून आला त्या दिवशी आमच्या भागातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी त्याची लिंक टाकली. खाली अंगठे येत गेले. प्रत्येक अंगठ्याबरोबर मला वाटे, हा कंत्राटदाराच्या ओळखीचा तर नसेल?

पुढची तपासणी होईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. त्या दिवशी दुपारी मामाचा फोन आला. त्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तो एकटाच बोलतो.

"या टायमाला भिंतीकडं तोंड करून बसवलं गो. मी नापास."

तो पुढे बोलतच राहिला.

"पन मी एकटा नाय. आख्खी लाइन नापास. एवढ्यांना काढून कंपनी चालवतील कुनाच्या जिवावर? मला पॅकिंगला टाकलाय. तिथं आवाज कमी हाय. पुढच्या वर्साचं काय ते म्हाईत नाय."

कंपनीत कुणी लेख वाचला होता की खुर्ची सहज फिरवली होती, ते मला अजून कळलेलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं.

"आता ओरडू नको, मला काय ऐकू येत नाय," असं म्हणून मामाने फोन ठेवला.