‘येते हं’ नावाची बाई

टेक्सासच्या भर जुलैत मी शाल पांघरून प्रवास केला, हे संगमनेरला कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला चळ लागला. पण नोराच्या गाडीतला तो एसी! बाहेर अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि आत महाबळेश्वर. ह्यूस्टनला लागून असलेलं शुगर लँड मागे पडलं, दुकानांच्या पाट्या विरळ झाल्या आणि दोन्ही बाजूंना कापसाची शेतं लागली. जमीन इतकी सपाट की नजर कुठे अडतच नाही.

आम्ही निघालो होतो रॉकपोर्टला. समुद्रकाठचं छोटं गाव, तीन तासांची वाट. तिथल्या वृद्धाश्रमात नोराचे नव्वदीचे, स्मरणशक्ती गेलेले वडील राहतात. ते काय बोलतात, ते मी ऐकून सांगायचं होतं.

नोरा माझ्या मुलाच्या, निखिलच्या, ऑफिसात आहे. अठ्ठावन्नची, मूळची इंग्रज, लहानपणीच अमेरिकेत आलेली. दोन आठवड्यांपूर्वी निखिलच्या बॉसकडे आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. निघताना मी सवयीने यजमानीणबाईंना म्हणाले, “येते हं!” तर दाराशी उभ्या नोराच्या हातातली प्लेटच कलली.

“हे नाव तुम्हाला कसं माहीत?” तिने विचारलं.

“नाव?” निखिल हसला. “इट्स जस्ट बाय. आमच्यात निघताना असं म्हणतात.”

“नाही. ती एक बाई आहे,” नोरा म्हणाली. “माझे वडील दिवसभर तिला हाका मारतात.”

झालं! मी जायचं ठरवलं. निखिल कुरकुरला, “आई, तू पण ना! तीन तास ड्राइव्ह करून कुणाच्या तरी वडिलांना भेटायला? आणि मंडेला तुझी फ्लाइट आहे.” मी म्हटलं, “तुझ्या घरी बसून मी काय दिवे लावतेय? डिशवॉशरच लावते ना?”

एल कँपो नावाच्या गावात नोराने कोलाची (चेक लोकांनी इकडे आणलेला, जर्दाळूचं सारण भरलेला गोडसर पाव) घेऊन दिली. आमच्या खारीची सर तिला नाही, असं म्हणत मी तीन खाल्ल्या. तिथेच गाडी सावलीत लावून नोरा वडिलांविषयी बोलायला लागली.

हॅरल्ड त्यांचं नाव. लंडनच्या रंगभूमीवरचे नट, मग सिनेमा, मग अमेरिकन टीव्ही. नायक मात्र कधीच नाही. पाद्री, दारुडा मेजर, वाईट बातमी सांगणारा डॉक्टर आणि सगळ्यात जास्त वेळा बटलर (बड्या घरचा मुख्य नोकर). अमेरिकेत कुणाला इंग्रज बटलर हवा असला की यांना फोन.

“बाबांनी आयुष्यभर दारंच उघडली,” नोरा म्हणाली, “पण प्रत्येक दार वेगळं. नुसत्या उघडण्यावरून कळायचं, या बटलरला पाहुणा आवडलेला नाही.”

नामावलीत यांचं नाव सातवं-आठवं. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय, आमच्या बँकेत होतात का? यावर ते म्हणे खूश व्हायचे. आपण त्या माणसाच्या बँकेत शोभलो, म्हणजे काम जमलं.

मग तिने फोनवर एका जुन्या चित्रपटाचा तुकडा दाखवला. तोंडाला तपकिरी रंग फासलेले हॅरल्ड साधूच्या वेषात, डोळे मिटून, एका गोऱ्या मडमेच्या डोक्यावर हात ठेवून मंत्र पुटपुटतायत. मी कान दिला. “आधी हात धू, मग जेव. आधी हात धू, मग जेव.”

अगं बाई! मी इतकी हसले की कॉफी शालीवर सांडली. अर्थ सांगितला तशी नोराही हसली, आणि मग एकदम थांबली. “इतकी वर्षं मी हा खराच मंत्र समजत होते.”

“मंत्रच आहे. आमच्याकडे सगळ्या आया हाच जपतात,” मी म्हटलं.

हॅरल्ड देवळालीच्या छावणीत जन्मले, तिथल्याच एका आयाने (मुलं सांभाळणाऱ्या बाईने) त्यांना वाढवलं. दहा वर्षांचे असताना कुटुंब बोटीने इंग्लंडला परतलं. त्याविषयी ते पुढे कधी चकार शब्द बोलले नाहीत. नोराला एवढंच ठाऊक होतं. ‘येतेहं’ ही वडिलांची कुणी जुनी प्रेयसी असावी, असं समजून तिने इंटरनेटवर तिचा शोधसुद्धा घेतला होता.

“आठ महिने झाले, त्यांच्या तोंडून माझं नाव आलेलं नाही,” ती स्टिअरिंगकडे बघत म्हणाली. “ते जे काही बोलतात, त्यात माझ्यासाठी एखादा शब्द आहे का? मला एवढंच कळू दे.”

मी तिचा हात दाबला. दुसरं काय करणार?

रॉकपोर्टच्या वाटेवरचे ओक वृक्ष सगळे एकाच बाजूला झुकलेले आहेत. समुद्राचा वारा तसा. धक्क्याच्या एकेका खांबावर एकेक पाणकोळी (पिशवीसारख्या चोचीचा मोठा पक्षी) बसलेला. वृद्धाश्रम स्वच्छ, फुलांचे पडदे, आणि सगळीकडे तो दवाखान्याचा वास.

हॅरल्ड खिडकीशी खुर्चीत बसले होते. उंच, सडपातळ, पांढरे केस नीट विंचरलेले. नोराने त्यांच्या गालाचं चुंबन घेतलं, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दाराकडे बघत स्वच्छ म्हणाले, “येते हं.”

उच्चार असा की बोलणारा नाशिककडचाच वाटावा. पण तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेलं, जित्याची खोड! मी पटकन बोलून गेले, “येते नाही, येतो म्हणायचं. पुरुष आहात ना तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दिग्दर्शकाने चूक दाखवली की नट मान डोलावतो, तशी मान डोलावली. म्हणाले, “येतो हं.” आणि मिटले ते मिटलेच. तासभर एक अक्षर नाही. जेवण आलं, गेलं. नोरा माझ्याकडे बघेना. माझ्या जिभेला काही हाड! आठ महिने या माणसाकडे एकच वाक्य उरलं होतं, ते मी लाल शाईने खोडलं.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाक्य चुकलेलं नव्हतंच. ते त्यांचं नव्हतं, त्या बाईचं होतं. रोज काम आटोपून घरी जाताना ती दारातून म्हणत असणार, येते हं. आणि कुटुंब बोटीसाठी निघालं त्या दिवशीही ती तेच म्हणाली असणार. कारण ‘जाते’ म्हणायचं नाही, अशुभ असतं, हे आपल्याला शिकवलेलं. चांगली रीत आहे, मीही पाळते. पण दहा वर्षांच्या पोराने ती खरी मानली आणि वाट बघत बसला. आता बिचारे म्हातारपणी तिचा संवाद स्वतःच म्हणत होते, म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

मी परत गेले. नोरा त्यांच्या पायाशी स्टुलावर बसलेली. मी दारातच थांबले, पदर खोचला आणि म्हटलं, “येते हं, बाळा.”

त्यांचा चेहरा हलला. एवढे मोठे नट, पण त्यात अभिनय म्हणून काही नव्हतं. खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे आला. “नको जाऊ,” ते म्हणाले. “नको ना जाऊ.”

“काय म्हणाले?” नोराने विचारलं.

“डोन्ट गो.”

“कुणाला?”

आज्ञार्थी वाक्यात कर्ता अध्याहृत (न सांगता समजून घ्यायचा) असतो, हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ते माझ्याकडे बघत होते, माझ्या साडीकडे. पण त्यांचा हात नोराच्या हातात होता.

“तुला,” मी म्हणाले.

नोरा त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. त्या दिवशी ती परत निघालीच नाही. निखिल तीन तास गाडी हाणत मला न्यायला आला आणि परतीच्या तीन तासांत दोन वेळा बोलला, तेही पेट्रोलविषयी. माझं चुकलं की बरोबर होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी ह्यूस्टनच्या विमानतळावर निखिल बॅगा उतरवत होता, तेवढ्यात नोराचा फोन आला. “ते पुन्हा म्हणतायत, नको जाऊ. मी उत्तर काय देऊ?”

“म्हण, नाही जात.”

गाड्यांच्या गोंगाटात तिला ऐकू जाईना. मी ओरडले, “नाही जात! नाही जात!”

“नाय जाट,” नोरा तिकडे म्हणाली. मी उच्चार सुधारला नाही. मग मागून म्हातारा आवाज आला, “बरं.”

फोन ठेवला, तर निखिल माझी बॅग हातात धरून तसाच उभा. “काय म्हणालीस, आई?”

“तुला नाही रे. नोराला शिकवत होते.”

तो बघत राहिला. मीही. खरं सांगते, मी वाट बघितली. हॅरल्डचे ते दोनच शब्द, बालवाडीतल्या पोरालाही येतात. निखिलने बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, “पासपोर्ट हातात ठेव.”

विमानात बसल्यावर त्याचा राग आला, भयंकर आला. मग समुद्र लागला आणि मला आठवलं, बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर हाच मुलगा बॅग घेऊन माझ्यासमोर उभा होता. आत जायच्या आधी दोनदा मागे वळला. मला त्याला थांबवायचं होतं. मी म्हणाले होते, “पोचलास की फोन कर.”