लाभ

"पान्याशी भाव नाय करायचा, शेठ."

मास्तर हे वाक्य मला रोज ऐकवायचे, कारण मी रोज भाव करायचो. दहा फेऱ्या सांगितल्या की आठवर आणायचो. बेलापूरच्या तलावातली सकाळची मोठ्यांची बॅच. पन्नाशीत पोहायला शिकलेला मी एकटाच. तुर्भ्याच्या मार्केटात हमालीपासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत आलो तो घासाघीस करूनच. ती सवय पाण्यात उतरताना कपड्यांबरोबर काढून ठेवता येत नाही.

मास्तर जवळच्याच दिवाळे गावचे कोळी. अंगात बनियन, गळ्यात शिट्टी. आम्ही धापा टाकत भिंतीला लटकलो की उकिडवे बसून विचारायचे, "काय शेठ, जीव हाय ना?"

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. ते शाबासकी देत नाहीत आणि आपण मात्र तिच्यासाठीच मरत असतो.

एका रविवारी त्यांनी आमची परीक्षा ठेवली. शंभर मीटर, दहा वेळा. दर तीन मिनिटांनी शिट्टी. लवकर पोहोचलात तर तेवढाच दम खायचा. उशीर झाला तर तसेच पुढे निघायचे. दहा पुरे करणाऱ्याचे नाव फळ्यावर.

पहिल्या शिट्टीला मास्तर ओरडले, "लाभ!" दुसरीला, "दोन!" माझ्याबरोबरचे तिघे ऐरोलीतल्या कंपन्यांत कॉम्प्युटरवर काम करणारे. त्यांना 'लाभ' म्हणजे देवाचे नाव घेतल्यासारखे काहीतरी वाटले असावे.

नवव्या फेरीनंतर माझे खांदे उठेनात. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली.

"थांबा," मी म्हणालो. "झाल्या दहा."

"नऊ झाल्या, शेठ."

"तुम्ही 'एक' म्हणालातच नाही! लाभ म्हणालात, मग एकदम दोन. मधली एक कुठे गेली?"

तिघेही दमलेले. एक म्हणाला, "खरंच की, 'एक' ऐकलंच नाही." दुसरा हसला, "मास्तर, वय झालं."

मास्तर माझ्याकडे वळले. "शेठ, तुमी मार्केटातले. लाभ म्हंजे काय, ते तुमी सांगा यांना."

मापाची पहिली पायली 'एक' म्हणून मोजत नाहीत, 'लाभ' म्हणतात. हे मी मिसरूड फुटण्याआधीपासून जाणतो. माझ्या गाळ्यावर आजही पहिली गोण 'लाभ' म्हणूनच उतरते.

"मला शिकवू नका!" मी ओरडलो. "स्वतःचं मोजणं चुकतं आणि चौघांत मला खोटं पाडता?"

त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "मंग तुमीच लिवा."

मी लिहिले. ओल्या हाताने, माझे नाव सगळ्यांत वर.

'मास्तरांचे मोजणे चुकते' ही गोष्ट तलावाच्या ऑफिसपर्यंत पोहोचली. पोहोचवली मीच. पुढच्या महिन्यात भिंतीवर आकडे दाखवणारे घड्याळ लागले आणि शिट्टी नव्या माणसाच्या गळ्यात गेली.

एकदा सोडून दिले असते तर त्यांचे काय बिघडले असते? हा राग मी पुष्कळ दिवस जपला. त्याच्या आडोशाला बरे वाटायचे.

परवा माफी मागायची ठरवून दिवाळ्याला गेलो. धक्क्याजवळ मास्तर पाठमोरे बसले होते. एका बाईच्या टोपलीत नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या टाकत होते.

"लाभ. दोन. तीन."

मोजणे संपले की हाक मारू, म्हणून मी उभा राहिलो.

"आठ. नऊ."

दहा ऐकायला मी थांबलो नाही.