काकांचा लाल तांदूळ

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, पांढऱ्या भाताला जितके घाबरत तितके वाघालाही घाबरले नसते. काशीदजवळच्या त्यांच्या गावात भातगिरणी आली ती स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी. बायकांची कांडणातून सुटका झाली आणि त्यांनी गिरणीला हळदकुंकू वाहिलं. काकांनी मात्र गिरणीचा मूठभर तांदूळ उन्हात धरून उलटापालटा केला आणि म्हणाले, "ह्यातला जीव गिरणीतच राहिला." तेव्हापासून त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. कोंडा गेलेला तांदूळ खाऊन पाय सुजतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं; म्हणून लग्नाच्या पंगतीत ते लोकांच्या पानांआधी पाय बघत, कुणाचे सुजलेत का म्हणून. कुणी जांभई दिली तरी त्यांना गिरणीच्याच तांदळाचा संशय येई. मावशी एकदा वैतागून म्हणाली, "येवढी काळजी हाय, तर कांडा तुम्हीच." आणि काकांनी खरोखर मुसळ उचललं. तळहातांना फोड आले, तेव्हा फडकी गुंडाळून कांडू लागले. पाणवठ्यावरच्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून ते बघायला येत.

त्यांची एकुलती मुलगी शेवंता मुंबईत एका खोलीत राहायची. ती आणि तिचा नवरा, दोघंही कारखान्यात. दर महिन्याला काका हातसडीच्या लाल तांदळाची पिशवी घेऊन एसटीनं रेवसला आणि तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्यावर येत. पाणी उडेल म्हणून पिशवी सबंध प्रवासभर मांडीवर. मी तेव्हा मुंबईतच नोकरीला होतो; धक्क्यावर त्यांना घ्यायला जायचो.

शेवंताला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. पत्र मिळताच काका निघाले. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा ती चहात पाव बुडवून खात होती. पिशवी ठेवायला काका खाटेखाली वाकले, तर तिथे त्यांच्याच तीन पिशव्या, शिवण न उसवलेल्या.

काका रागावले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले. "बाय, चव लागत न्हाय का ह्या भाताला?"

"लागते, बाबा. पण शिजायला पाऊण तास घेतो. मी साडेसहाला घर सोडते. तेवढा वेळ स्टो पेटवला तर रॉकेल महिनाभर पुरत नाही." मग खाली बघत म्हणाली, "तुमचे हात बघितलेत मी. सांगवलं नाही."

परतताना मी काकांना धक्क्यावर सोडायला गेलो. लाँच लागल्यावर म्हणाले, "मला वाटायचं, लोकांना कळत न्हाय म्हणून असं खातात. हिला तर सगळं कळतंय रे."

पुढच्या खेपेला त्यांनी तांदूळ आणला नाही. त्याच भाताचे लाल पोहे कांडून आणले. ताकात भिजवले, वर गूळ-खोबरं घातलं की झालं, स्टो नको. बाळंतपण होईपर्यंत ते दर पंधरवड्याला येत आणि खिडकीपाशी नेऊन तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून आत रक्ताची लाली आली का बघत. रंग दिसला का, ते मला विचारत. स्वतःच्या नजरेवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. मुलगा झाला, वजनानं जरा कमीच, पण रडला खणखणीत.

शेवंता पुन्हा कामावर जाऊ लागली. काका आले की पहाटे उठून पोहे भिजवत, तिच्यासाठी पाट मांडत आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवत. ती वाटी उचलून, एका पायात चप्पल सरकवत, दारातच उभ्यानं खाई. काका मांडलेल्या पाटाकडे बघत आणि हळूच म्हणत, "सावकाश खा, बाय." तोवर ती जिना उतरलेली असे.